बरगीच्या पाण्याला तिऱ्हाईत साक्षीदार हवा

अणुऊर्जेच्या क्षेत्रात खासगी भांडवलाला वाट करून देणारा ‘शांती’ कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी दायित्व कायदा या दोहोंची जागा त्याने घेतली. राजधानीतील चर्चा प्रामुख्याने दोन मुद्द्यांभोवती फिरली. भांडवल कोण आणणार, आणि अपघात झाल्यास भरपाई कोण देणार? अपघात झालाच नाही, प्रकल्प चाळीस वर्षे सुरळीत चालला, तरी त्यातून नित्यनेमाने बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी कोणी करायची, या प्रश्नाला त्या चर्चेत फारशी जागा मिळाली नाही. जबलपूरकरांसाठी हा प्रश्न थेट घरच्या नळाशी निगडित आहे.

मंडला जिल्ह्यातील चुटका हे गाव बरगी धरणाच्या जलाशयाकाठी वसले आहे. तेथे प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभारण्याच्या प्रस्तावाला २००९ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच वेळी मंजूर केलेल्या दहा स्वदेशी अणुभट्ट्यांत चुटक्याच्या दोन्हींचा समावेश झाला. पर्यावरणविषयक जनसुनावणी २०१३ मध्ये विरोधामुळे दोनदा पुढे ढकलावी लागली. ती अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये पार पडली. हा विरोध निव्वळ अणुभयातून आलेला नव्हता. बरगीच्या जलाशयाने १६२ गावे बाधित केली. त्यांतील विस्थापित गोंड आदिवासी याच काठावर पुन्हा बसले आणि आता त्यांनाच दुसऱ्यांदा उठण्यास सांगण्यात येत आहे. सरकारी आश्वासनाचे मोल त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नाही. जबलपूर या धरणाच्या खालच्या अंगाला आहे. लालपूर आणि रमनगरा येथील जलशुद्धीकरण केंद्रे नर्मदेचेच पाणी उचलतात. ग्वारीघाटावर स्नान करणारा परिक्रमावासी आणि राइट टाउनमध्ये तीन पिढ्या राहिलेले मराठी कुटुंब, दोघांचेही पाणी एकच आहे.

चुटक्याच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या असतील. जड पाण्यातील ड्यूटेरियम न्यूट्रॉन शोषून घेतो आणि ट्रिटियम तयार होतो. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊ. तो पाण्यात विरघळत नाही, तर पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो. त्यामुळे सिझियम किंवा स्ट्राँशियम ज्या गाळण्यांनी अडवता येतात, त्यांना तो दाद देत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचा बीटा किरण इतका दुबळा असतो की नेहमीचे किरणमापक यंत्र पाण्यापाशी धरून काही कळत नाही. नमुना प्रयोगशाळेत नेऊन विशिष्ट उपकरणानेच मोजावा लागतो. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा येथे पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले, तेव्हा ते पिणाऱ्या कर्मचाऱ्यांना काहीच जाणवले नाही. ते उघडकीस आले कर्मचाऱ्यांच्या मूत्रतपासणीत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कैगाची ती तपासणी प्रकल्पाच्या अंतर्गत व्यवस्थेनेच केली होती आणि ती व्यवस्था चालली. प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती प्रकल्प सुरू होण्याआधीपासून पाणी, माती, दूध, मासे यांचे नमुने तपासते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत उत्सर्जन मर्यादेच्या आतच दिसते आणि लोकांपर्यंत पोहोचणारी मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या मर्यादेहून पुष्कळ कमी असते. हे आकडे खोटे आहेत असे म्हणण्यास आधार नाही. अडचण वेगळीच आहे. ते खरे आहेत हे विभागाबाहेरच्या कोणालाही पडताळून पाहता येत नाही. प्रकल्प चालवणारे महामंडळ अणुऊर्जा विभागाचे आणि नमुने तपासणारे भाभा केंद्रही त्याच विभागाचे. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे तापमान आणि क्षार मोजावेत, किरणोत्सर्ग त्याच्या कक्षेत नाही.

नियामक मंडळाच्या परावलंबित्वावर महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्येच बोट ठेवले होते. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या परीक्षण पथकाने मार्च २०१५ मध्ये मंडळाच्या स्वातंत्र्याला कायद्याचा आधार देण्याची शिफारस केली. ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. परंतु दर्जा बदलल्याने पाण्याची बाटली आपोआप दुसऱ्या प्रयोगशाळेत जात नाही. उद्या खासगी कंपन्या या क्षेत्रात उतरतील, तेव्हा तर ‘सरकारी माणूस कशाला लपवील?’ हा जुना युक्तिवादही उरणार नाही.

जपानचे उदाहरण येथे उपयोगी पडते, जरी तेथील पाणी नित्याचे नसून अपघाताचे होते. फुकुशिमाच्या टाक्यांत साठलेले तेरा लाख टनांहून अधिक पाणी शुद्ध करून, ट्रिटियमचे प्रमाण लिटरला १५०० बेकरेलच्या खाली आणून समुद्रात सोडण्यास २४ ऑगस्ट २०२३ रोजी प्रारंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी १०,००० बेकरेल आहे. (युरोपीय संघ १०० हा आकडा धरतो, तो धोक्याचा नव्हे, चौकशीची घंटा वाजवण्याचा आहे.) म्हणजे आकड्यांच्या हिशेबात जपानची बाजू भक्कम होती. तरीही कोळ्यांचा विश्वास बसला नाही आणि चीनने जपानी मासळीवर सरसकट बंदी घातली. आंतरराष्ट्रीय संस्थेने तेथे कार्यालय थाटले, नमुने दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड, अमेरिकेच्या प्रयोगशाळांतून तपासून घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये चिनी तज्ज्ञांना स्वतः नमुने घेऊ देण्यावर समझोता झाला आणि जून २०२५ मध्ये बंदी अंशतः उठली. पाणी तेच होते, बाटली भरणारा हात बदलला. ती आंतरराष्ट्रीय संस्था स्वतःच अणुऊर्जेचा पुरस्कार करते, हा आक्षेप खोटा नाही. पण जपानच्या सरकारला ती उत्तरदायी नव्हती, एवढे अंतर पुरेसे ठरले.

अशी रीत जबलपूरला अपरिचित नाही. येथील आयुध कारखान्यांत हयात घालवलेल्या मराठी माणसांना ठाऊक आहे की खमरियाचा तोफगोळा खमरियाच्या सहीने लष्कराकडे जात नसे. गुणवत्ता हमी महासंचालनालयाचा निरीक्षक वेगळा असे आणि तो माल परत पाठवू शकत असे. दोघेही संरक्षण मंत्रालयाचेच, हे खरे. पण बनवणारा आणि पास करणारा एक नव्हता. शत्रूवर डागायच्या गोळ्याला जी शिस्त लावली, ती लेकरांना पाजायच्या पाण्याला लावण्यात कोणती राष्ट्रीय सुरक्षा आड येते?

त्यासाठी परदेशी पथक बोलावण्याचे कारण नाही. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेत भूजलाचे वय काढण्यासाठी ट्रिटियम मोजले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेलाही या तंत्राचा जुना अनुभव आहे. पहिली संस्था जलशक्ती मंत्रालयाची, दुसरी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची. दोन्हींचा अणुऊर्जा विभागाशी संबंध नाही, आणि रुडकीच्या संस्थेचे प्रादेशिक केंद्र तर भोपाळातच आहे.

मात्र हे काम आजच सुरू व्हायला हवे, कारण आधाररेषा नंतर आखता येत नाही. पावसातही अल्प ट्रिटियम असतोच, ऋतूनुसार तो बदलतो. प्रकल्पापूर्वीचे पाणी कसे होते याची तिऱ्हाइताने केलेली नोंद नसेल, तर पुढे दोन्ही पक्ष आपापला आकडा घेऊन भांडत बसतात. राजस्थानातील रावतभाट्याला तेच झाले. सुरेंद्र आणि संघमित्रा गाडेकर यांनी १९९१ मध्ये तेथील गावांचे आरोग्य सर्वेक्षण करून जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक असल्याचे मांडले. विभागाने ते अमान्य केले, आणि केंद्रापूर्वीची स्थिती दाखवणारा, दोघांनाही मान्य असा कागद कोणापाशीच नव्हता.

चुटक्याची वीज तारांत यायला अजून बरीच वर्षे आहेत. तेवढ्या अवधीत बरगीचा जलाशय, लालपूर, रमनगरा आणि चुटक्याच्या आसपासच्या गावांतील विहिरी येथून दर ऋतूत नमुना घ्यावा. एक बाटली भाभा केंद्राकडे जावी, दुसरी रुडकीला, आणि दोन्हींचे निकाल बेकरेलच्या आकड्यांत, ‘मर्यादेच्या आत’ अशा शेऱ्याविना, महापालिकेच्या आणि ग्रामसभेच्या फलकावर हिंदीत लागावेत. मंडला हा पाचव्या अनुसूचीतला जिल्हा असल्याने नमुना घेताना ग्रामसभेचा प्रतिनिधी उपस्थित ठेवणे उचितच होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य शासन आणि जलशक्ती मंत्रालय यांच्यातील एका कराराने भागते, आणि अणुऊर्जा विभागाची हरकत असेल तर ती त्याने लेखी नोंदवावी.