सर्कलची सरासरी आणि काउंटरवरचा ग्राहक

गेल्या महिन्यात कार्यालयात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच रड आहे. ग्राहक विचारतो, ‘आपल्या इथे कुणाचं नेट चांगलं पळतं?’ दुकानदार अनुभवावरून सांगतो, पोर्टिंग करून देतो, आणि पंधरा दिवसांत तोच ग्राहक काउंटरवर हात आपटत उभा राहतो. परत जायचे तर नव्वद दिवसांची अट आडवी येते. जुन्या कंपनीकडे उरलेला रिचार्ज बुडालेला असतो, नव्या कंपनीचा पहिला रिचार्ज (एफआरसी) भरून झालेला असतो. कस्टमर केअरला शिव्या घालाव्यात तर तिथे माणूसच लागत नाही. माणूस फक्त आपल्या दुकानात सापडतो.

दूरसंचार नियामक ट्रायकडे आकडे नाहीत असे मात्र नाही. मायस्पीड ॲप 2016 पासून चालू आहे. कंपनीनिहाय डाउनलोड, अपलोड सगळे मिळते, पण सर्कलच्या सरासरीने. आता आपले सर्कल पाहा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई यांचे वेगळे सर्कल. उरलेला सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा मिळून दुसरे. म्हणजे हिंजवडीचा आयटीवाला, पणजीचा हॉटेलवाला आणि भामरागडचा शिक्षक यांच्या नेटचा वेग एकाच आकड्यात बसवलेला. ही हद्द नव्वदच्या दशकात लायसन्स वाटण्यासाठी आखली गेली. त्याच हद्दीवर आजही वेगाचा हिशेब मांडणाऱ्यांनी एकदा या आकड्याच्या भरवशावर एटापल्लीत एक सिम विकून दाखवावे.

ऑगस्ट 2024 मध्ये ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम आले, 1 ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांत चांगल्या गोष्टी आहेत. दर्जाचे आकडे तिमाहीऐवजी दरमहा मोजायचे ठरले. जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त नेटवर्क बंद राहिले तर प्रीपेडवाल्याची व्हॅलिडिटी वाढवून द्यायची. पण बंद पडले तर भरपाई आणि नुसते रांगत राहिले तर काहीच नाही, हे कसे? आपल्या गिऱ्हाइकांची नव्वद टक्के कटकट रांगणाऱ्या नेटची असते.

कंपन्यांनी संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे टाकावेत, हेही याच नियमांतले. नकाशे आले. टूजी, फोरजी, फाइव्हजीचे रंग भरलेले सुंदर नकाशे. रंग आहे म्हणजे सिग्नल आहे, एवढेच त्यातून कळते. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी भाजीवाल्याच्या फोनवर चारही दांड्या भरलेल्या असतात, सिग्नलची ताकद (आरएसआरपी) उणे ऐंशीच्या आसपास, आणि ग्राहक कांदे पिशवीत टाकून पार एसटी स्टँडवर पोचल्यावर साउंडबॉक्स ओरडतो की चाळीस रुपये मिळाले. टॉवर जवळच आहे, पण त्याच्यावर सगळा बाजार लटकला आहे. सिग्नलची ताकद आणि टॉवरवरची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गर्दीच्या तासाचा प्रत्येक सेलचा हिशेब कंपन्यांकडे असतोच. त्याच्याशिवाय त्यांचे स्वतःचे नेटवर्क चालणार नाही. तो पिनकोडनिहाय जाहीर करायला हरकत कसली?

आता थोडे आपल्याच लोकांविषयी. फाइव्हजीचा टॉवर समोर, सकाळी अकराची वेळ, हातात तीस हजारांचा डेमो फोन, आणि स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप स्टेटसला! कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने (एफओएस) पोर्ट-इनचे टार्गेट दिले म्हणून सगळ्या गावाला एकाच कंपनीकडे हाकणारे दुकानदारही काही कमी नाहीत. स्पीडटेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते, जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा त्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये बसवलेला असतो. त्यात उत्तम परिस्थितीतला आकडा येणार, भाजीवाल्याचा येणार नाही.

जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलकडे धावलेल्या ग्राहकांचे काय झाले, ते आठवा. बीएसएनएलचे फोरजी 700 आणि 2100 मेगाहर्ट्झवर आहे. गावात 700च चालू असेल आणि ग्राहकाच्या जुन्या स्वस्त फोनला त्याचा बँड 28 नसेल, तर शेजारच्याला मिळणारे फोरजी त्याला दिसणारच नाही. यात दोष ना कंपनीचा, ना ग्राहकाचा. सिम देण्याआधी फोनचे बँड न पाहणाऱ्या दुकानदाराचा दोष आहे. तीच गोष्ट कॅरियर ॲग्रिगेशनची, म्हणजे एकाच वेळी अनेक बँड जोडून वेग वाढवण्याची: सात-आठ हजारांच्या फोनवर आणि डेमो फोनवर एकाच सिमचे आकडे वेगळे येणार. आणि कोटा! दीड जीबी दुपारीच संपवून 64 केबीपीएसवर रांगणारा पोरगा ‘नेटवर्क बेकार’ म्हणत आला, तर आधी त्याची शिल्लक तपासा, पोर्टिंगचे मग बघू.

ट्राय पिनकोडनिहाय आकडे देईल तेव्हा देईल. तोवर आपण का बसून राहायचे? प्रत्येक दुकानदाराने एक फोन बाजूला काढावा, तुमच्या गावात सगळ्यात जास्त खपतो तोच. चारही कंपन्यांची सिमे आळीपाळीने पहिल्या स्लॉटमध्ये घाला. जागा तीन: दुकान, बाजारपेठ आणि गावाबाहेरची एखादी वस्ती. वेळ रात्री आठ ते नऊ, आणि बाजाराच्या दिवशी दुपारी. सर्व्हर आपोआप निवडू देऊ नका; चारही सिमांना एकच ठरवून द्या. नुसते एमबीपीएस लिहून भागणार नाही. आरएसआरपी, बँड आणि पिंगही नोंदवा. ज्या फोनवर *#*#4636#*#* चालते तिथे सिग्नल लगेच दिसतो, बाकीच्यांवर एखादे नेटवर्कचे ॲप घाला. एका वेळच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, आठवडाभर घ्या आणि मधला आकडा धरा. तक्ता दुकानात दर्शनी भागात लावा, महिन्याला बदला, वर तारीख आणि फोनचे मॉडेल लिहा. टार्गेट देणाऱ्या एफओएसला तो खुपला तरी काढू नका.

तक्त्याची एक प्रत आम्हाला पाठवा, पिनकोडसकट. आलेले तक्ते जिल्हावार छापू आणि गठ्ठा ट्रायकडे धाडू. सोबत आमची एक मागणी असेल: पोर्टिंगनंतर पहिल्या पंधरा दिवसांत ग्राहकाला जुन्या कंपनीकडे परतण्याची मुभा हवी, नव्वद दिवसांची अट त्यानंतर मोजा. मोजल्याशिवाय विकायला लावता, तर परत यायचा दरवाजा तरी उघडा ठेवा. ज्या तालुका संघटनांनी मागच्या वेळी ‘ठराव करतो’ म्हणून कळवले आणि अजून बैठकही घेतली नाही, त्यांनी ठराव राहू द्यावा. फक्त तक्ते पाठवावेत, 25 तारखेच्या आत.