भूल देणारा उशाशी हवा : १ डिसेंबरपर्यंतची मुदत

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात ज्यांच्या ज्यांच्या हातून माणसाला भूल दिली जाते त्या सगळ्यांना आम्हा तालुक्यातल्या लोकांचा हा जाहीर इशारा आहे. सरकारी असा, खाजगी असा की शिबिरापुरते आलेले पाहुणे असा. १ डिसेंबरपासून भूल देणारा एक आणि सुरी धरणारा दुसरा असल्याशिवाय या तालुक्यात कोणालाही टेबलावर घेऊ नका. बोटाला टाका घालण्यापुरतं बधीर करणं यात धरलेलं नाही, तेवढी अक्कल आम्हाला आहे.

आमच्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी एका थिएटरबाहेर बसून विचारलं होतं, "भूल कोण देणार?" उत्तर आलं, "सरच देतात, सरच करतात." कुठल्या गावी, ते सांगत नाही. बाई सुखरूप घरी आली म्हणून ती गोष्ट तिथेच मिटली. अशा गोष्टी मिटतात त्या नशिबाने, आणि आम्हाला यापुढे नशिबावर विसंबायचं नाही.

कमरेत सुई देऊन खालचा भाग बधीर केला की काही मिनिटांतच रक्तदाब खाली येतो. सिझरच्या बाईचा तर फार झपाट्याने येतो. औषध वर चढलं तर श्वासाचे स्नायूच ढिले पडतात. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. त्या चार-पाच मिनिटांत डॉक्टरचे दोन्ही हात पोटात असतील तर बोटाला लावलेलं प्राणवायू मोजणारं यंत्र किंचाळून करणार काय? यंत्राला कान देणारा, सलाइन वाढवणारा, मास्क धरणारा माणूस उशाशी लागतो. आणि तो शेवटचा टाका पडेपर्यंत नव्हे, पेशंट नाव विचारल्यावर नीट नाव सांगेपर्यंत लागतो.

आता आमच्याच भागाची एक गोष्ट. इथे गोंड, हलबा आणि इतरही घरांत सिकलसेल आहे. थंडी, कोरडं पडलेलं शरीर आणि प्राणवायूची कमतरता, या तिन्हींनी या रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन नसा तुंबवतात. थिएटरमध्ये निष्काळजीपणा झाला तर तिन्ही एकदम भेटतात. एसी चालू, अंगावर पातळ हिरवं कापड, आणि "रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही" ही जुनी ताकीद. ती ताकीद आता सोडा. जेवण सहा तास आधी बंद, पण नेहमीच्या पेशंटला साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे भूलशास्त्राने केव्हाच मान्य केलं आहे. सिकलसेलच्या माणसाला तर तहानलेलं ठेवणंच घातक. म्हणून भूल देण्याआधी सिकलसेलची तपासणी झालेली हवी, कागदावर लिहिलेली हवी, आणि अंगावर ब्लँकेट हवं. ब्लँकेटला निधी नाही असं कोणी म्हणू नये, आम्ही घरून आणून देऊ.

हिवाळा लागला, धान घरात आलं की नसबंदीची शिबिरं सुरू होतात. शिबिर भरवणाऱ्यांनी ८ नोव्हेंबर २०१४ विसरू नये. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये, बिलासपूर जिल्ह्यातल्या पेंडारीत एका सर्जनने काही तासांत ८३ बायांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. १३ बाया गेल्या. दोष औषधांचा की अस्वच्छतेचा, यावर वाद झाले, पण त्या घाईचा बचाव कोणाला करता आला नाही. एका पथकाने दिवसाला ३० च्या वर जाऊ नये हा नियम तेव्हाही होता. १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. त्यामुळे या तालुक्यात पुन्हा कोणी सतरंजीवर बाया ओळीने निजवल्या, तर तो फोटो त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असेल.

जीव जात असेल आणि दुसरा डॉक्टरच नसेल तेव्हा काय, हा प्रश्न आम्हालाही कळतो. ककोडीहून निघालेली बाई आधीच अर्धमेली होऊन देवरीत पोचते, आणि पुढे गोंदिया साठ-सत्तर किलोमीटर. अशा वेळी जे करावं लागेल ते करा, पण शिकलेली नर्स उशाशी उभी करा आणि का केलं ते लिहून ठेवा. पुढे पाठवायचं तर गोंदियाच्या गंगाबाई रुग्णालयाला आधी फोन करा, सोबत माणूस द्या. 'रेफर' एवढा एकच शब्द खरडून १०८ च्या रुग्णवाहिकेत चढवणं म्हणजे उपचार नव्हे. आणि आरोग्य खात्याने ऐकावं : एमबीबीएस डॉक्टरांना भूल द्यायला शिकवणारं सरकारी प्रशिक्षण आहे. ते घेतलेला डॉक्टर थिएटर नसलेल्या जागी बसवून ठेवू नका. पैसा नाही, ही सबब १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खटल्यात फेटाळली आहे.

थोडं आपल्या माणसांनाही. सिकलसेलचं कार्ड लपवू नका, "काही खाल्लं नाही" असं खोटं सांगू नका. आणि थिएटरबाहेर डॉक्टरच्या अंगावर हात टाकणारा आमचा नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या २०१० च्या राज्याच्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याच्या जामिनाला आमच्यातला कोणीही उभा राहणार नाही. भुलीचा डॉक्टर मारून पळवला तर दुसरा या रस्त्याला येणार आहे का?

मागणी एवढीच. थिएटरच्या दारावर रोज फळा लागावा : आज भूल कोण देणार, त्याचं शिक्षण काय, सिकलसेल तपासलं का. खडूने लिहिलं तरी चालेल.

१ डिसेंबरला सकाळी दहा वाजता आम्ही प्रत्येक दार बघू. फळा नसेल तिथल्या गेल्या वर्षभरातल्या भुलीच्या नोंदी माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागू. एरवी उत्तराला ३० दिवस असतात, पण जिवाचा प्रश्न असेल तर कायदा ४८ तास देतो, आणि आम्ही ते ४८ तासच धरणार. खाजगीवाल्यांची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे वेगळी जाईल. अर्ज लिहून झाले आहेत, सह्याही झाल्या आहेत. फक्त तारखेची जागा कोरी ठेवली आहे.