माशांच्या अंड्यांचा कैवार

आमच्या कुर्ल्यांतून वाहणाऱ्या मिठीस पुष्कळ विद्यार्थी नाला म्हणतात. परंतु विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन सुमारें १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीस मिळणारा हा प्रवाह नदीच आहे, व २६ जुलै २००५ रोजीं तिनें तें कुर्लेकरांस चांगलेंच पटवून दिलें. त्या पुराविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस आज लिहावयाचें आहे तें पाण्यांतील एका अगदीं लहान जीवाविषयीं, म्हणजे माशाच्या अंड्यांतील गर्भाविषयीं.

पाण्यांतील प्राणवायु कमी झाला तर मोठा मासा वर येऊन तोंड उघडतो, किंवा दुसरीकडे पळतो. अंड्यास पळतां येत नाहीं. आंतील गर्भाचे कल्ले अद्याप कामास लागलेले नसतात. कवचांतून झिरपून येईल तेवढ्याच प्राणवायूवर त्यास वाढावें लागतें. तो अपुरा पडला कीं वाढ मंदावते, आणि पुढें पुढें गर्भ दगावतो. अशा अर्धवट गुदमरलेल्या जीवावर तणनाशकाचा मारा झाला तर विष पचवून टाकण्याचें बळ त्यानें कोठून आणावें?

कोणी म्हणेल, ही दोन संकटें एकाच वेळीं कशाला येतील? पवईकडे पाहावें. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावावर जलपर्णी माजते, व महापालिकेस ती यंत्रें लावून काढावी लागते. काम खर्चाचें आणि न संपणारें. ‘औषध मारून मोकळें व्हा’ ही सूचना अशा वेळीं हमखास पुढें येते. पण फवारलेली जलपर्णी नाहींशी होत नाहीं. ती मरून तळाशीं बसते व कुजते, आणि कुजविणारे सूक्ष्म जंतु पाण्यांतील प्राणवायु फस्त करतात. म्हणजे तणनाशक आपल्याबरोबर गुदमरही घेऊन येतें!

बाटलीवरील आश्वासनाविषयीं आमचा आक्षेप येथेंच आहे. माशांच्या गर्भावर रसायनाची परीक्षा कशी घ्यावी याची एक सर्वमान्य रीत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें २०१३ सालीं ठरवून दिली. मूळच्या आपल्याच देशांतील व शेजारच्या प्रदेशांतील झेब्रा नांवाच्या चिमुकल्या पट्टेदार माशाचीं अंडीं त्या रसायनाच्या पाण्यांत ९६ तास ठेवतात. त्या पाण्यांत प्राणवायु मावेल त्याच्या निदान ८० टक्के असावा, अशी अट आहे. अट रास्त आहे, कारण एरव्हीं गर्भ विषानें मेला कीं गुदमरून, हें कळणार कसें? परंतु २५ अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत लिटरमागें सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. माशांच्या वाढीस आपल्याकडे निदान ४ मिलिग्रॅम आवश्यक मानला आहे. आणि उन्हाळ्यांतील मिठीच्या काळ्या पाण्यांत तेवढाही मिळणें कठीण. निरोगी मुलानें सोसलेला उपास तापकऱ्यास सोसेल असें कोणता वैद्य म्हणेल? कमी प्राणवायूच्या पाण्यांत वेगळी परीक्षा झाल्यावांचून कोणतेंही तणनाशक तलावांत वा नदीकांठीं वापरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

‘मिठींत आतां मासे राहिलेच कोठें?’ असें विचारणारे भेटतात. पवईंत मासे आहेत, आणि माहीमच्या खाडीवर कोळी बांधवांची वस्ती आहे. प्रभूनें आपले पहिले शिष्य जाळीं टाकणाऱ्यांतूनच निवडले, याचें आमच्या शाळेनें तरी विस्मरण होऊं देऊं नये.

शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. मजुरी परवडत नाहीं म्हणून तो फवारतो, आणि त्याची अडचण खरी आहे. शहरांतील चाळींच्या व सोसायट्यांच्या आवारास मात्र ही सबब नाहीं. तेथील गवत मूठभर असतें; त्यावर मारलेलें औषध पहिल्या पावसासरशीं गटारांत, व गटारांतून मिठींत उतरतें. आणि नेमका पावसाळा हाच आपल्याकडील बहुतेक गोड्या पाण्यांतील माशांचा अंडीं घालण्याचा काळ. पालकांनीं आपल्या सोसायटीच्या सभेंत हा विषय काढावा, आणि जूनपूर्वीं एखाद्या रविवारीं मुलांच्या हातीं खुरपीं द्यावींत.