नव्या वसतिगृहाच्या भिंती कोणासाठी?

संस्थेच्या वर्धापनाच्या निमित्ताने नव्या वसतिगृहाचा संकल्प करण्यात आला आहे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी पगारातून आणि समाजबांधवांनी मजुरीतून पैसा दिला आहे. म्हणून नकाशा कायम होण्यापूर्वी आमचे मत मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

बहुतेकांच्या मनातील चित्र ठरलेले आहे : तीन मजली सिमेंटची इमारत, मधे अंधारा बोळ, दोन्ही अंगांना एकसारख्या खोल्या आणि दारोदारी दात्यांच्या संगमरवरी पाट्या. (पंख्याच्या पात्यांवर नावे रंगविण्याचा मोह तरी यावेळी आवरावा!) अशी इमारत पहिल्या दिवशी भव्य दिसते. वीस वर्षांनी मात्र भिंत पाडल्याखेरीज तिच्यात काहीही बदलता येत नाही.

आपली परंपरा याहून शहाणी होती. तथागतांनी भिक्खूंना पाच प्रकारच्या निवासस्थानांची अनुज्ञा दिली, एकच नमुना लादला नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात राजा उदेन आनंदांना विचारतो की, जुन्या चीवरांचे काय करता? त्यांची पांघरुणे होतात, मग गादीच्या खोळी, मग अंथरुणे, मग पायपुसणी. अखेरीस चिंध्या कुटून चिखलात कालवतात आणि त्याने जमीन सारवतात, असे आनंद सांगतात. काटकसरीचा याहून नेमका धडा आमच्या वाचनात नाही. अजिंठ्याच्या 12 क्रमांकाच्या लेण्यात मधे चौक आणि भोवती कोठड्या आहेत, मूर्ती नाही. पाचव्या शतकातील विहारांत त्याच मांडणीच्या मागील भिंतीत बुद्धमूर्तीचे दालन आले. उपासनेची रीत बदलली, मांडणीने तिला सामावून घेतले. बाबासाहेबांनी तर 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय लष्करी बराकींत सुरू केले. इमारतीवाचून शिक्षण अडू दिले नाही.

आपल्या वसतिगृहाचे समाजवास्तवही बदलले आहे. पूर्वी येथे केवळ मुलगे राहत. आज मुलींचे अर्ज वाढत आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या पालकांची मुले येतात आणि कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत पटसंख्या फुगलेली राहते. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला वरच्या मजल्यावरील ग्रंथालय बंदच असते. या साऱ्यांना कायमच्या कोठड्यांत कसे बसवणार?

जुन्या दगडमातीच्या बांधकामाचा गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. ती माळवदे उन्हाळ्यात गार राहत, हेही तितकेच खरे. म्हणून भूकंपरोधक खांब-तुळयांचा सांगाडा अभियंत्याकडून करवून घ्यावा. त्यात काटछाट नको. भार त्या सांगाड्यावर असावा आणि आतील पडद्या हलक्या, काढता-घालता येण्याजोग्या असाव्यात. सभागृह हंगामात शयनगृह व्हावे, परीक्षेत अभ्यासिका. नळ व विजेच्या वाहिन्या भिंतीत गाडू नयेत. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, समोरासमोर खिडक्या, पावसाच्या पाण्याचे टाके आणि तळमजल्यावर उताराचा मार्ग यांचा खर्च संगमरवरी पाट्यांपेक्षा फारसा अधिक नसावा. शौचालयांची जागा मात्र आधी ठरावी, उरलेल्या कोपऱ्यात नव्हे. मुली शाळा सोडतात त्यामागे हे एक जुने कारण आहे.

पाडल्या जाणाऱ्या इमारतीची सागवानी दारे आणि कौले भंगारात देऊ नयेत, अशीही आमची विनंती आहे. आणि नकाशा एकदा तरी मुलामुलींसमोर पसरावा. रात्री कोणत्या बोळात भीती वाटते, हे समितीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे.