पाणी पुरेल, वीज कुणाची?

आमच्याकडे केळीची गाडी भरायची म्हणजे उजाडायच्या आत बागेत हजर व्हावं लागतं. घड कापायचे, खांद्यावरून बांधापर्यंत आणायचे, गाडीत खाली केळीचीच पानं अंथरायची आणि त्यावर थर लावत जायचे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्याहून निघालेली गाडी इंदूर–इच्छापूर रस्त्याला लागली की दिल्ली हजारभर किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला चारेक किलोमीटर जातो, म्हणजे एका खेपेला अडीचशे लिटर डिझेल. व्यापारी भाव सांगतो तेव्हा हे भाडं आधीच वजा केलेलं असतं. डिझेल महागलं की आमचा घड स्वस्त होतो.

तरीही पाण्यापासून गाडीचं इंधन करणार असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भडकलो होतो. मे महिन्यात बोअर तासाभरात हवा ओकायला लागते आणि तुम्ही ट्रकसाठी पाणी मागता?

त्याच सुमारास एक दिवस माझी दहावीतली पुतणी शाळेचा प्रयोग करत बसली होती. ग्लासात पाणी, त्यात चिमूटभर खायचा सोडा, दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या दोन पेन्सिली आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दोन्ही शिसांवर बुडबुडे धरायला लागले. "काका, इकडे बघा, दुप्पट निघतायत." ऋण टोकावर हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन. कारखान्यातला इलेक्ट्रोलायझर हेच करतो. मग तो हायड्रोजन हवेच्या साडेतीनशे ते सातशे पट दाबाने टाकीत भरायचा. गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्याची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडून वीज होते आणि मागून निघते ती फक्त वाफ.

त्या रात्री वही घेऊन हिशेब मांडला. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणं धरून वीस लिटर म्हणू. उन्हाळ्यात एका मोठ्या केळीला ठिबकने रोज जवळपास तेवढंच पाणी देतो. जड ट्रकला शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे दिल्लीपर्यंत नव्वद किलो धरा. पाणी झालं अठराशे लिटर, नव्वद झाडांचं एका दिवसाचं. एकरात सतराशे झाडं असतात. जमिनीखालून पाणी आणणाऱ्या कुंडी भंडाऱ्याच्या या जिल्ह्यात पाण्याचा थेंबही मोजूनच खर्चावा या मताचा मी आहे, पण माझा राग चुकीच्या जागी होता हे कबूल करतो.

खरा आकडा विजेचा आहे. किलोला पंचावन्न युनिट धरले तर नव्वद किलोला पाच हजार युनिट. माझी पाच हॉर्सपॉवरची मोटर दिवसाला दहा तास चालली तर चाळीसेक युनिट खाते. एका ट्रकची दिल्लीची एक खेप म्हणजे माझ्या मोटरची चार महिन्यांची वीज! तेवढंच अंतर बॅटरीचा ट्रक दीड हजार युनिटांत कापतो. वायू करण्यात, दाबण्यात आणि पुन्हा वीज करण्यात बाकीची वीज वाटेतच सांडते.

म्हणून माझं म्हणणं आहे की हायड्रोजन करा, पण कुठे वापरायचा ते आधी ठरवा. रावेर-सावद्याहून दिल्लीला केळी रेल्वेनेही जाते आणि तो मार्ग विजेवर चालतो. जितका माल तिकडे वळेल तितका वळवा. जवळपासच्या फेऱ्यांना बॅटरी पुरे. हायड्रोजन ठेवा रेल्वे जिथे पोचत नाही आणि गाडीला तासन्‌तास चार्जिंगला थांबवलं तर माल पिकून जातो, अशा लांबच्या खेपांना. मार्च 2025 मध्ये केंद्राने 37 हायड्रोजन बस-ट्रकच्या चाचण्या जाहीर केल्या. त्यांत पुणे–मुंबई मार्ग आहे. त्या रस्त्यावर तर ई-शिवनेरी बस बॅटरीवरच धावते. परीक्षा घ्यायचीच तर आमच्या रस्त्यावर घ्या, घाट आणि ऊन दोन्ही मिळेल.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वरच्या जलाशयावर सौर पॅनेल तरंगतायत, पहिल्या टप्प्यातच 278 मेगावॉटचे. आणि आम्ही पाळीची वीज रात्री आली की विजेरी घेऊन केळीत शिरतो. दाट बागेत पायाखाली काय आहे ते दिसत नाही. सापाच्या भीतीने काठी आपटत व्हॉल्व्हपर्यंत जायचं, हे पंचवीस वर्षं करतोय. दुपारच्या उन्हाची वीज आधी शेतीच्या फीडरला द्या, दिवसा द्या. उरेल ती इलेक्ट्रोलायझरला.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी मंजूर झाले. तेव्हा 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य ठेवलं होतं. 2023 च्याच ऑगस्टमध्ये हायड्रोजनला हरित म्हणवण्यासाठी किलोमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ठरली. तेच यंत्र रात्री कोळशाच्या विजेवर चालवलं तर किलोमागे चाळीस किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यापेक्षा डिझेल बरं. ऊन असेल त्याच तासांत यंत्र चालतं की नाही, हे मीटरवर तासातासाला दिसलं पाहिजे आणि गावातल्या माणसालाही ते वाचता आलं पाहिजे.

पुतणीच्या प्रयोगातली बॅटरी संध्याकाळी उतरली. ग्लासातलं पाणी होतं तेवढंच होतं.