मारकडवाडीचा अनुत्तरित प्रश्न

अकलूजच्याच माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी हे गाव ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करणार होते. जमावबंदीचा हुकूम निघाला, पोलीस आले आणि गावकऱ्यांना तो बेत सोडावा लागला. जमावबंदीने जमाव पांगतो. संशय पांगत नाही.

२० नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत श्री. उत्तमराव जानकर माळशिरस मतदारसंघातून १३,१४७ मतांनी निवडून आले. तथापि मारकडवाडीत त्यांना ८४३, तर प्रतिस्पर्धी श्री. राम सातपुते यांना १,००३ मते पडल्याचे मोजणीत दिसून आले. जानकरांच्या समर्थकांस हा आकडा पटेना. दुसऱ्या गटास तो रास्त वाटला. शंका येथे पराभूताची नसून विजयी बाजूची होती, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

गावाने परस्पर घेतलेल्या मतदानास निवडणूक म्हणता येणार नाही. जेथे कोण कोणाचा हे प्रत्येकास ठाऊक, तेथे एका गटाने मांडलेल्या पेटीकडे दुसऱ्या गटाचा मतदार फिरकेल कसा? फेरमतदान व्हावयाचे तर ते कायद्यानेच. १९८२ साली केरळातील परूर येथे देशात प्रथम मतदानयंत्रे वापरली गेली. १२३ मतांनी लागलेल्या त्या निकालाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. यंत्रास तेव्हा कायद्याचा आधार नव्हता, म्हणून १९८४ साली ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झाले आणि निकाल बदलला.

म्हणून सर्वत्र मतपत्रिकेकडे परतावे, असे आम्हांस वाटत नाही. केंद्रे बळकावून शिक्के मारण्याचे प्रकार देश विसरलेला नाही. यंत्राबरोबर निघणारी कागदी चिठ्ठी हा मधला मार्ग उत्तम आहे. परंतु ती मोजली जाईल तरच. नियमाने मतदारसंघातील पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. अधिक मोजणीची विनंती करावयाची ती उमेदवाराने. यंत्रतपासणीची मुभा २६ एप्रिल २०२४ च्या न्यायनिर्णयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस मिळाली. विजयी उमेदवार मोजणी मागेल कशास? आणि मतदारास तर या व्यवस्थेत स्थानच नाही.

हरियाणातील बुआना लाखू गावच्या २०२२ मधील सरपंचपदाच्या निवडणुकीची मते २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात पुन्हा मोजली गेली आणि निकाल ५१ मतांनी उलटला. जे काम तेथे पावणेतीन वर्षांनी झाले, ते आठ दिवसांत होणे अशक्य नाही.

केंद्रातील ठराविक संख्येच्या मतदारांनी अनामत भरून लेखी मागणी केल्यास त्या केंद्राच्या चिठ्ठ्या सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष मोजण्यात याव्यात. आकडे जुळले तर अनामत जप्त व्हावी आणि वाद मिटावा. न जुळले तर पुढील चौकशी व्हावी. मारकडवाडीचा आकडा खरा होता की खोटा, हे अशा मोजणीने सर्वांस कळले असते. संसदेने ही तरतूद विनाविलंब करावी.