पडद्यावरची भूलपूर्व तपासणी

मुलांच्या भूलपूर्व तपासणीचा मोठा भाग ऐकण्याचा असतो. बाळ पुऱ्या दिवसांचे होते का, जन्मल्यावर पेटीत ठेवावे लागले का, दूध पिताना धाप लागते का, घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, या प्रश्नांना स्टेथोस्कोप लागत नाही. भामरागडच्या आईबापांनी तेवढ्यासाठी मजुरी बुडवून नागपूर गाठावे, हे अन्यायाचे आहे. शिवाय घरी आजी शेजारी असते, आणि बाळंतपणातले बारकावे बहुधा तिलाच आठवतात. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार १६ वर्षांखालील मुलासोबत प्रौढ व्यक्ती हजर हवी आणि तिची ओळख पटवून घ्यायला हवी.

व्हिडिओवर पाहताही बरेच येते. मूल उजेडाकडे तोंड करून आईच्या मांडीवर बसवावे आणि चेहरा आधी समोरून, मग बाजूने पाहावा. आत गेलेली हनुवटी समोरून लपते, बाजूने लगेच दिसते; नळी घालणे अवघड जाणार, याची ती आगाऊ सूचना असते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हलणारा दात आईने बोटाने हलवून दाखवावा. सदरा वर केला की बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, तेही दिसते. टॉन्सिलच्या रुग्णाचा रात्री घोरतानाचा व्हिडिओ पालकांकडून जरूर मागवावा. श्वास मध्येच अडतो का, हे जागेपणीच्या तपासणीत कळत नाही.

हृदयातला मर्मर मात्र फोनवर ऐकू येत नाही. वजनाचेही तसेच. मुलांच्या औषधांचा हिशोब किलोवर चालतो, त्यामुळे पालकांनी आठवणीने सांगितलेले वजन धरणे धोक्याचे. म्हणून दुसऱ्या टोकाला उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, वजनकाटा आणि पल्स ऑक्सिमीटर हवेतच. दुभंगलेल्या ओठासाठी १० आठवडे, १० पौंड, १० ग्रॅम हिमोग्लोबिन हा जुना नियम पडताळायचा, तर काटा आणि रक्ततपासणी टळत नाही. गडचिरोली, नंदुरबारच्या मुलांची सिकलसेल चाचणीही तिथेच व्हावी. वर्षाच्या आतले बाळ, अपुऱ्या दिवसांचे मूल किंवा हृदयविकाराचा संशय असेल, तर प्रत्यक्ष तपासणीच करावी.

खरा फायदा शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधीच्या छोट्या कॉलचा. ताप, ओला खोकला, घट्ट पिवळा शेंबूड असताना भूल दिली, तर स्वरयंत्र आवळण्याचा आणि ऑक्सिजन घसरण्याचा धोका वाढतो. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया अशा वेळी साधारणतः दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात. हा निर्णय कुटुंब घरी असतानाच झाला, तर एक फेरी वाचते.

उपाशी राहण्याच्या वेळाही त्याच कॉलवर घड्याळाप्रमाणे सांगाव्यात. नुसते ‘रात्रीपासून काही देऊ नका’ म्हटले की तान्हे बाळ दहा-दहा तास रडत राहते. शस्त्रक्रिया सकाळी ९ ला असेल, तर पेज किंवा वरचे दूध पहाटे ३ पर्यंत, आईचे दूध ५ पर्यंत, साधे पाणी ७ पर्यंत, असे संदेशात मराठीत लिहून पाठवावे. आधी कितीही कॉल झाले असले, तरी त्या सकाळी भूलतज्ज्ञाने मुलाचे वजन पुन्हा करावे, घसा पाहावा आणि छाती स्वतः ऐकावी.